सावित्रीच्या काठावर मी जे बोलले

तुडील, ता. महाड
५ मे २००२

प्रिय प्रियदर्शिनी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच ठेवून देशील, अशी धास्ती आहे. तरी लिहिते. मला आयत्या वेळी बोलता येत नाही, हे तू मी या घरात आले तेव्हापासून बघतेस. आईंच्या दहाव्याला नदीवर तू सगळ्यांसमोर मला बोललीस, तेव्हाही मी गप्पच राहिले. आज रविवार आहे. मला ड्यूटी नाही. श्रेयस आणि चैत्राली काजूच्या झाडाखाली आहेत आणि तुझे दादा चुलीपुढे भात लावून बसलेत. भातात पाणी अजून जास्तच होतं, पण कोणी नावं ठेवत नाही. आई गेल्यापासून घरात कामाची वाटणी न सांगताच झाली. सकाळची गाईची धार ते काढतात, चैत्राली केर काढते, मी साडेसहाची एस. टी. पकडते.

आई गेल्या त्या दुपारी मी घरी नव्हते. तुझा राग त्याचा आहे आणि तो खोटा नाही. त्या दिवशी काय झालं, ते तुला कोणी नीट सांगितलेलं नाही, म्हणून सांगते. सकाळी मी आईंना न्हाऊ घातलं, पेज भरवली, पाठीला पावडर लावून कुशीवर केलं. दिवाळीत त्यांची डावी बाजू गेली, तेव्हापासून हे रोजचं होतं. मी आरोग्य उपकेंद्राच्या खोलीत राहायची त्या दिवशी शेजारची बनुबाई येऊन करायची. त्या सकाळी आई चांगल्या बोलत होत्या. माझी पांढरी साडी बघून म्हणाल्या, "निघाली आमची बगळी." पोलादपूरला उतरले तर वरच्या वाडीतला माणूस स्टँडवरच उभा होता. त्याच्या सुनेला आदल्या संध्याकाळपासून कळा येत होत्या आणि मूल पायाळू होतं. वाट दीड तासाची, सगळी चढाची. डोलीत घालून खाली आणायला वेळ नव्हता. दुपारी तीनच्या सुमाराला मुलगी झाली. आधी रडली नाही. तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, तेव्हा एकदाची ओरडली. आई गेल्या ती वेळही साधारण तीच, असं बनुबाई सांगते. मला निरोप खाली उतरल्यावर मिळाला.

प्रिया, तिथे होते याची मला लाज वाटत नाही. आईंच्या उशाशी नव्हते याचं दुःख आहे आणि ते राहील. दोन्ही एकाच दिवसाचं आहे, आणि मला ते वेगळं करता येत नाही. वाडीतले लोक मला सिस्टर म्हणतात, माहेरी मी कालू, तुडीलमध्ये राहीबाईची सून, शाळेत श्रेयसची आई. पूर्वी मला वाटायचं, यातली एक झाले की बाकीच्यांना दाराबाहेर थांबवायचं असतं. दहा वर्षं तसं करून बघितलं. जमलं नाही. इंजेक्शन देताना घरच्या डाळीची आठवण व्हायची आणि डाळ शिजवताना कोणाचा तरी ताप आठवायचा. आता मी सगळ्यांना बरोबरच घेऊन चढते. माझ्या सात वाड्यांत गेल्या तीन वर्षांत एकही बाळंतीण दगावलेली नाही. हे मी कुठे बोलून दाखवत नाही, पण तुला सांगताना मान वर करून सांगते. का, ते पुढे लिहिते.

आता दहाव्याचं. तुला आठवत असेल, पिंड ठेवून तास झाला तरी कावळा शिवेना. समोरच्या आंब्यावर सहा-सात बसले होते, पण एकही खाली येईना. गोमाजीकाका म्हणाले, "बोला कोणीतरी, म्हातारीचा जीव कशात अडकलाय बघा." दादा पुढे झाले. "आये, गाय विकणार नाय." कावळा जागचा हलला नाही. बनुबाईने आईंची मिश्रीची डबी पिंडाशेजारी ठेवली आणि वर म्हणाली, "घे गो, आता कोण तुला दात खराब होतील म्हनून बोलनार नाय." बायका रडता रडता हसल्या. मग तीच माझ्याकडे वळली. "कालिंदे, तूच बोल. नोकरी सोडते म्हन. त्याबिगर नाय शिवायचा तो." सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा हळूच म्हणाले, "म्हण ना एकदा, नुसतं म्हणायला काय जातंय?" आणि तू म्हणालीस, "ती कशाला म्हणेल? तिला आईपेक्षा लोकांची बाळंतपणं मोठी." एवढं बोलून तू तुझ्या रितेशला कडेवर घेतलंस आणि जावईबापूंबरोबर वीर स्टेशनच्या रिक्षात बसलीस. तुमच्या दिव्याच्या गाडीला अजून दोन तास होते.

तू गेल्यावर भटजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून शिववू या, ऊन वाढलंय. मी म्हटलं, थोडं थांबा. गेलेल्या माणसाला खोटं सांगायची माझी छाती नव्हती. नोकरी सोडते म्हटलं असतं तर ते खोटंच झालं असतं, आणि आईंना ते कळलं असतं. पिंडाजवळ जाऊन बसले आणि मला जे खरं करता येणार होतं, तेवढंच हळू आवाजात बोलले. माझ्याखेरीज ते कोणी ऐकलं नाही. उठून चार पावलं मागे आले असेन, तोच एक कावळा उतरला. आधी मिश्रीच्या डबीकडे बघितलं, मग पिंडाचा कोपरा उचलून गेला. गोमाजीकाकांनी हात जोडले. "काय बोललीस गो?" म्हणून सगळे मागे लागले. मी सांगितलं नाही. बनुबाईने गावभर केलं आहे की नर्सबाईने नोकरी सोडायचं कबूल केलं. सोमवारी मी पांढऱ्या साडीत एस. टी. स्टँडवर उभी राहिले, तेव्हा तिचं तोंड बघायला तू हवी होतीस. मी नर्स आहे, कावळ्याला भूक लागली असेल हेही मला कळतं. पण हलकं वाटलं, ते खरं.

मी काय बोलले, ते ऐकायचा हक्क फक्त तुला आहे. मार्चमधली गोष्ट. आईंची वेणी घालत होते. जीभ जड झाली होती, तरी त्या सावकाश म्हणाल्या, "प्रियाला मी बसवली. तुझी पोरं सांभाळायला माझी पोर घरी बसवली." मी पेड घालत राहिले. मला ते ठाऊक होतं, प्रिया. त्र्याण्णव साली तू बारावी पास झालीस आणि नर्सिंगला जाणार होतीस. तेव्हा माझ्या नोकरीला वर्ष झालं होतं आणि श्रेयस सहा महिन्यांचा होता. एक वर्ष थांब, असं तुला आईंनी सांगितलं. एकाची तीन झाली, मग तुझं लग्न ठरलं. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर कदाचित तू गेली असतीस. मी उघडलं नाही, कारण मला तुझी गरज होती. श्रेयस पहिल्यांदा 'आई' म्हणाला तो तुला. तेव्हा मी आत जाऊन रडले, पण तुझं काय गेलं हे त्या दिवशीही मनात आणलं नाही. त्या सात वाड्या मी चढले, कारण खाली तू होतीस. लोक म्हणतात, नर्सबाईने नोकरी आणि घर दोन्ही सांभाळलं. घर तू सांभाळलंस. आईंना हे कळलं होतं. त्यांच्या ट्रंकेत नव्या लुगड्याच्या घडीत तुझी बारावीची गुणपत्रिका होती, नऊ वर्षं जपलेली, एक सुरकुती नाही.

नदीवर मी एवढंच म्हटलं, "आई, प्रियाला मी नर्स करते." या पत्रासोबत अलिबागच्या नर्सिंगचा फॉर्म आहे. दीड वर्षाचा कोर्स, राहायला हॉस्टेल. वयाची मी चौकशी केली, तू बसतेस. लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावाचं प्रतिज्ञापत्र लागतं, ते महाडला करून घेऊ. रितेश इथे राहील. त्याला दादा आहेत, चैत्राली आहे आणि रोज संध्याकाळी मी आहे. माझी उपकेंद्रावरची मुक्कामाची पाळी असेल त्या दिवशी तो माझ्याबरोबर येईल. तिथल्या बाहेरच्या खोलीत दुसरी खाट मावते, मी मापून बघितली. जावईबापूंशी दादा बोललेत. ते म्हणाले, तिने मनावर घेतलं तर माझी ना नाही. हे मी उपकार म्हणून करत नाही. तू चांगली नर्स होशील, हे माझ्या दोन मुलांच्या अंगावरून मला माहीत आहे. फॉर्मची मुदत एकतीस तारखेची आहे. तू उत्तर पाठवशील याची मी वाट बघणार नाही. येत्या रविवारी मी दिव्याला येते. दार लावून घेतलंस तरी चालेल, मी पायरीवर बसेन. पोलिओचा डोस घेऊन गेले की लोक माझ्या तोंडावर दार लावतात, त्याची मला सवय आहे. दार उघडल्याशिवाय मी अजून एकदाही परत फिरलेले नाही.

तुझीच वहिनी,
कालिंदी