बिस्किट कलरचा तागा

३ एप्रिल
हेड ऑफिसच्या आश्लेषा मॅडमचा मेल. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी बिझनेस कॅज्युअल घालायचं. मुंबईवाल्यांनी आमची थळची ट्रान्सपोर्ट कंपनी घेतल्यापासून रोज काहीतरी नवीन असतं. ऑफिसात बायका तीनच. मी, अकाउंट्सच्या सुचित्राताई आणि माणगावची नेत्रा, जिला नोकरीला लागून अजून वर्षही झालं नाही. सुचित्राताईंनी विचारलं, बिझनेस कॅज्युअल म्हणजे नक्की काय. मी म्हटलं, सोपं आहे, माझ्यावर सोडा.

घरी येऊन मोबाईलवर पाहिलं. तितकं सोपं नाहीये.

ऑफिस मॅनेजरची जागा रिकामी आहे. ती माझीच आहे, जाहीर व्हायची तेवढी बाकी.

५ एप्रिल
उलगडा झाला. मोबाईलवरच्या फोटोंत प्रत्येक बाईचे कपडे वेगळे. याला काय ऑफिस म्हणायचं? दिराच्या हळदीला भावकीतल्या सगळ्या बायकांना एका रंगाच्या साड्या मीच आणल्या होत्या. आम्ही मांडवात शिरलो तर लोकांचे हात ताटातच थांबले. अजून नाव काढतात. तसंच करायचं. एक तागा, तिघी जणी. हेड ऑफिसला हे सुचलेलं नाही. बघून थक्क होतील.

८ एप्रिल
अलिबागला हरेश्वर टेलरकडे गेले. बिस्किट कलरचा तागा पसंत केला. हरेश्वर म्हणाला, यातलाच बराचसा कपडा काशीदच्या मोठ्या रिसॉर्टवाल्यांनी शिवून नेला, हा उरलाय. काशीदच्या रिसॉर्टवर कोण लोक येतात ते मला माहीत आहे. लगेच घेतला. ब्लेझर, पँट आणि आत शर्ट, सगळं एकाच कपड्याचं.

सुचित्राताईंनी माप दिलं. नेत्रा म्हणाली, तिच्याकडे सुती कुर्ते आणि दोन साध्या पँट आहेत, त्यातच भागेल. बिचारी. पुढे जायचं तर मोठा विचार करावा लागतो, हे या वयात कळत नाही.

१९ एप्रिल
ट्रायल. कपडा थोडा कमी पडला. हरेश्वरने माझ्या शर्टाला फक्त पुढची बाजू, कॉलर आणि कफ लावलेत. मागे नाड्या. ब्लेझरच्या आत पाठ कोण बघतंय, असं त्याचं म्हणणं. हुशार माणूस.

पँटचा हूक लागतो. बसता येत नाही, एवढंच. वापरून सैल पडेल म्हणाला. तरी आपल्याकडून प्रयत्न हवा. आजपासून भात बंद.

२० एप्रिल
शेजारी साखरपुडा. अशा ठिकाणी भाताला नाही म्हटलं तर लोकांना राग येतो. उद्यापासून.

२८ एप्रिल
आश्लेषा मॅडमची पहिली व्हिडिओ मीटिंग. ब्लेझर अजून हातात नाही, म्हणून कॅमेरा बंद ठेवला आणि नेट कमी आहे असं सांगितलं. पहिली छाप पूर्ण ड्रेसमध्येच पडली पाहिजे.

नऊ मेला काशीदला रिसॉर्टवर मोठी मीटिंग. एमडी साहेब येणार. प्रत्येक ऑफिसातून एकाने पाच मिनिटं बोलायचं. मॅडम म्हणाल्या, आमच्या ऑफिसचा मॅनेजर ते ऐकूनच ठरवणार. मी लगेच नाव दिलं.

आणि रिसॉर्ट तेच. हरेश्वरचंच गिऱ्हाईक. योग असतात एकेक.

१ मे
सुट्टी. घरातल्या घरात ड्रेस घालून पाहिला. सासूबाई ओटीवर वाल सोलत होत्या. वर बघून म्हणाल्या, "कंच्या बँडान वाजवाला चाललीस गो?" माझा नवरा परेश हसला नाही. ट्रकचं टायर बघून येतो म्हणून गेला आणि जेवायच्या वेळेलाच आला. जुन्या पद्धतीची माणसं आहेत.

२ मे
ऑफिसात पहिला दिवस. मिनीडोर रिक्षामध्ये बसता येईना, उभं राहायला छप्पर आड येतं. सीटच्या कडेला टेकून गेले. सुचित्राताई साडीत. ड्रेस धुवायला टाकलाय म्हणाल्या. न घातलेला ड्रेस.

दिवसभर उभ्याने काम केलं. तब्येतीला चांगलं असतं.

घरी आल्यावर हूक निघेना. परेशने पक्कड आणली, त्याला मी हाकललं. शेवटी सासूबाईंनी खोबरेल तेल चोळून सोडवला. मला त्या वेळी थोडं रडू आलं. उकाड्यामुळे.

५ मे
पाठभर घामोळं. नेत्रा म्हणाली, ताई, काशीदला सुती कुर्ता घातलात तरी चालेल. डाव आहे. ब्लेझर बघून घाबरली.

खरं सांगायचं तर मलाही एकदा कुर्त्याचा मोह झाला. पण साऱ्या ऑफिसला, भावकीला सांगून बसलेय. आता माघार घेता येत नाही. भाषण पाठ आहे.

९ मे, संध्याकाळ
सगळं नीट लिहून काढते, म्हणजे मलाही कळेल.

लवकर पोचले. हॉलच्या दाराशी उभी राहिले, कारण बसता येत नव्हतं. तेवढ्यात रिसॉर्टचा एक सुपरवायझर आला आणि कोकम सरबताचा ट्रे माझ्या हातात देऊन घाईत निघून गेला. मला वावगं वाटलं नाही. आपल्याकडे कार्य असलं की पाहुण्यांना पहिला पेला घरची मोठी सूनच देते. थळ म्हणजे यजमान. मान म्हणूनच दिला असणार.

आश्लेषा मॅडम आल्या. मी हसून पेला पुढे केला. त्यांनी घेतला, थँक यू म्हणाल्या आणि पुढे गेल्या. ओळख द्यायला तोंड उघडलं तोवर एमडी साहेब म्हणाले, यात बर्फ नाही का. बर्फ आणायला गेले. तिथे चार बायका उभ्या होत्या. बिस्किट कलरचा ब्लेझर, बिस्किट कलरची पँट. एकीने विचारलं, नवीन आलीस का. मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

ब्लेझर काढला असता. पण आत शर्टाला पाठ नाही.

मग भजी आली. मग चहा. सुचित्राताईंनी माझ्या हातून दोनदा चहा घेतला आणि दोन्ही वेळा कपातच बघत राहिल्या. आता सांगायचं तरी कसं? साहेबांनी माझ्याकडून तीन वेळा पाणी मागून घेतलं होतं. त्यांना किती लाजल्यासारखं झालं असतं.

नेत्रा उठून आली. हळू आवाजात म्हणाली, "अमिषाताई, तो ट्रे मला द्या. माझ्या शेजारी खुर्ची ठेवलीय. मी सांगते मॅडमना."

"तू बस जाऊन," मी म्हटलं. "कुणाला काही बोललीस तर बघ."

नंतर मॅडमनी माझं नाव पुकारलं. थळच्या अमिषा म्हात्रे. मी त्यांच्या खुर्चीच्या मागेच होते, हातात उष्ट्या कपांचा ट्रे. पुन्हा पुकारलं. सुचित्राताई म्हणाल्या, निघाल्या होत्या, पोचल्या नसतील. नेत्राने माझ्याकडे पाहिलं. भाषणाचं पहिलं वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी ट्रे घेऊन बाहेर गेले.

थळतर्फे नेत्रा बोलली. दाराबाहेरून ऐकलं. चांगली बोलली.

१० मे
एका दृष्टीने बरंच झालं. एमडी साहेबांना मी फार जवळून पाहिलं. बाकी कुणाला ती संधी मिळाली नाही. मॅनेजरचं अजून काही ठरलेलं नसणार. ब्लेझरला पाठीत थोडी उसवण आहे, हरेश्वरकडे टाकायचा.

१२ मे
मॅडमचा मेल. नेत्रा ऑफिस मॅनेजर. पुढे लिहिलंय, रिसॉर्टची व्यवस्था उत्तम होती, विशेषतः चहा देणाऱ्या वयस्कर बाई फार अगत्याच्या, पुढच्या वेळी त्याच असाव्यात असं साहेबांनी खास कळवलंय. शेवटी माझं नाव. न कळवता गैरहजर, लेखी खुलासा द्यावा.

दुपारपर्यंत कागद समोर ठेवून बसले. आज साडी होती, बसता आलं.

लिहिलं, पोट बिघडलं होतं. नेऊन नेत्रा मॅडमच्या टेबलावर ठेवलं. तिने वाचलं आणि सही केली.