न समजलेल्या शब्दांचा अर्थ

अमळनेर, सोमवार

प्रिय मोहिनी,

तू आपली ख्रिस्ती मंडळी सोडून, यजमानांना घेऊन धुळ्याला माहेरी गेलीस त्याला आठ महिने झाले. इतक्या दिवसांत मी तुला एक फोनही केला नाही. आज लिहितेय, कारण काल रविवारच्या उपासनेत एक गोष्ट घडली.

आपल्या पाळकांचं, भूपेंद्रभाऊंचं, तेच चालू आहे. गाणी संपली की माइक ओठांना चिकटवून अन्यभाषेत बोलायचं, कुणालाही न कळणारं, आणि मग मी उठून त्याचा अर्थ सांगायचा. लोक 'आमेन' म्हणतात आणि आले तसेच घरी जातात. पवित्र आत्म्याचं हे दान दुसऱ्याला उभं करायला असतं म्हणे. मला आता त्या माइकच्या खरखरीचीसुद्धा किळस येते.

काल धरणगावची एक सून पहिल्यांदाच आली होती. तिचं तान्हं मूल पंधरवड्यापूर्वी गेलं. ती मागे बसून रडत होती, तेव्हा कापूस वेचायला जाणाऱ्या आपल्या धुरपदाबाई तिच्याजवळ गेल्या आणि डोक्यावर हात ठेवून साध्या अहिराणीत म्हणाल्या, "देवबाप, या पोरले आज झोप लागू दे. तुले बठ्ठं मालूम शे." तुला सगळं ठाऊक आहे, एवढंच. पोरीचे हुंदके कमी होत होते. तेवढ्यात भूपेंद्रभाऊंनी माइक उचलला आणि धुरपदाबाईंचा आवाज बुडवून आपलं सुरू केलं. थांबल्यावर मला म्हणाले, "कामिनीताई, अर्थ सांगा."

मी म्हणाले, "मला काही कळलं नाही, भाऊ. आजवर कधीच कळलं नाही." ते माइक ठेवून खाली बसले. धुरपदाबाईंनी प्रार्थना पुरी केली. त्या पोरीने डोळे पुसले आणि प्यायला पाणी मागितलं.

मंडळीला वाटतं, मला भाऊंची चीड आली. मोहिनी, मला माझीच शिसारी आली आहे. अर्धांगातून सावरणाऱ्या तुझ्या यजमानांना, कुंदनभाऊंना, तू काठीच्या आधाराने उपासनेला आणलंस, त्या दिवशी मी अर्थ सांगितला होता, "या घरात लपवलेलं पाप आहे, म्हणून हात उचलत नाही." तू त्यांना धरून तशीच बाहेर पडलीस. ते वाक्य आत्म्याचं नव्हतं, माझं होतं. त्या सकाळी तुझं गाणं ऐकून सगळे डोळे टिपत होते आणि मला ते बघवलं नाही. येत्या रविवारी मंडळीसमोर हे सांगणार आहे, पण आधी तुम्हा दोघांना सांगायला हवं. शुक्रवारी सकाळच्या एसटीने येते. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुझीच म्हणवायला लाजणारी,
कामिनी