परत केलेली शाल

प्रिय करुणा,

सप्रेम जय भीम.

मागच्या आठवड्यात तुझा बाप रिटायर झाला. चिकलठाण्याच्या कंपनीत हार पडला, शाल मिळाली. तुझी आई पहिल्या रांगेत बसून माझ्यापेक्षा जास्त मिरवत होती. आता सकाळची धावपळ नाही. मुकुंदवाडी स्टेशनापर्यंत रमतगमत जातो, चहा पितो, परत येतो. मजेत आहे. शाल मात्र आईनं कपाटात ठेवलीय, मला हात लावू देत नाही.

तू सातवीत असताना अशीच एक शाल मी परत केली होती, ते तुला कधी सांगितलं नाही. आमचं पेंट शॉप, म्हणजे कंपनीतलं रंगकामाचं खातं, बंद करायचं ठरलं, तेव्हा साहेबांनी जुन्या माणसांचा सत्कार ठेवला. भाषण, फोटो, पेढे, आणि पेढ्यांच्या बॉक्सखाली टाइप केलेला राजीनामा, 'स्वखुशीने नोकरी सोडत आहे'. बहुतेकांनी सह्या केल्या. त्यांना दोष कसा देऊ? आपल्याकडं 'काढून टाकलं' म्हणवून घ्यायची केवढी लाज! 'मीच सोडली' म्हटलं की गल्लीत मान ताठ राहते. मीही पेन उघडला होता. पण आदल्या दिवशी कागदाची कुणकुण लागली तेव्हा तुझी आई म्हणाली होती, "तुमी तर लई खुशीनं कामाला जाता. मग ही सोडायची खुशी कुणाची?" मी शाल घडी करून टेबलावर ठेवली. म्हटलं, साहेब, काढायचं तर तुम्ही काढा, आणि कारण लिहून द्या.

मग कामगार कार्यालयात बरेच खेटे घातले. रीतसर नोटीस मिळाली, भरपाई मिळाली. पुढं पेंट शॉप पुन्हा सुरू झालं, तेव्हा कपातीत गेलेल्यांना कायद्यानं आधी बोलवावं लागतं म्हणून मला बोलावणं आलं. पुंडलिककाका माझ्याहून चांगला कारागीर, पण तो स्वखुशीनं गेलेला. त्याला कुणी विचारलं नाही. अजून भेटला की म्हणतो, "कडुबा, ती शाल लई महाग पडली गड्या."

आता हे सगळं का लिहितोय ते सांगतो. फोनवर तू "सगळं मस्त" म्हणतेस आणि विषय बदलतेस. पण तुझी मैत्रीण मेघा सुट्टीला आली आणि आईजवळ रडली. पुण्याच्या तुझ्या कंपनीनं सोमवारपर्यंत राजीनामा मागितलाय म्हणे, आणि काढलेलं दिसण्यापेक्षा सोडलेलं दिसलेलं बरं, असं तुझ्या मनात आहे. व्हय ना? म्हणून तिच्याच हाती हे पत्र देतोय. आमच्या वेळचा कायदा तुला जसाच्या तसा लागू होईल का, मला ठाऊक नाही. सही करण्याआधी वकिलाला विचार. निरोपाचा केक आणला तर खुशाल खा. पण पोरी, तुझी खुशी नसेल तर 'स्वखुशीने' लिहू नकोस. आणि मग दोन दिवस घरी ये. तुला काढलं असं गल्लीत मीच सांगीन, ताठ मानेनं.

तुझाच,
बाबा