मनोऱ्यावरचा फोटो

प्रिय आई,

आज इथला तो उंच मनोरा बघायला गेले होते. वर फोटोवाल्यानं नमुन्याचे फोटो भिंतीवर लावलेत, आणि त्यात चक्क तू! काचेला टेकून तोंडभर हसतेयस. अगं, तू तर स्टुलावर चढायलाही घाबरतेस!

कोपऱ्यातली तारीख वाचली आणि पुन्हा एकदा वाचली. त्या आठवड्यात तू मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मावशीकडे गेली होतीस ना? कुणी यायचं नाही, असं बजावून? तुला अजून धूसरच दिसतं, तर ते ऑपरेशन बिघडलं म्हणून बाबा अजून त्या डॉक्टरच्या नावानं बोटं मोडतात. बिचारा डॉक्टर! तुला आलेली पत्रंही बाबाच वाचून दाखवतात, म्हणून हे पाठवणार नाही.

"ओळखीच्या आहेत का?" फोटोवाल्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्यानं माझा फोटो काढला. म्हणाला, "झकास आलाय. यांच्या शेजारी लावू?"

आई, घरी मी ऑफिसचं ट्रेनिंग आहे असं सांगून आलेय. तरी म्हटलं, "लावा." लेक मोठी होतेय माझी. तीही कधीतरी थाप मारून येईलच.

तुझ्यावर गेलेली,
थोरली