मी निवडलेला, माझा मेव्हणा नाही

२ मार्च, रविवार. मुक्काम चँडलर.
चर्चमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश: तारण कर्मांनी नाही, केवळ कृपेने. जगाच्या आरंभाआधीच देवाने आपली माणसं निवडून ठेवलीत. ऐकता ऐकता खात्री पटली, मी त्यांच्यात आहे. यात माझं कर्तृत्व शून्य. हे मान्य करण्याइतकी नम्रता किती जणांत असते? ईस्टरला एकाची साक्ष असते: आपण देवाकडे कसे वळलो ते मंडळीसमोर सांगायचं. यंदा मलाच बोलावणार. सूट ऑर्डर केला.

३ मार्च
कर्मांवर भिस्त बंद. डिशवॉशर रिकामा केला नाही. सरलाला तत्त्व समजावलं. ती म्हणाली, भांडी काढायला तारण लागत नाही, हात लागतात. बायकोची थिऑलॉजी कच्ची.

९ मार्च
मेव्हणा अवधूत ट्यूसन शहरातली नोकरी घालवून आमच्याकडे आला. पितो. चर्चचं नाव काढलं की हसतो. सरला त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते. मी प्रेमाने सांगितलं, कोण तरणार ते आधीच ठरलंय, उगाच गुडघे झिजवू नकोस. ती जेवली नाही. गुडघे दुखत असावेत.

२३ मार्च
चर्चच्या मंडळींची फेलोशिप, म्हणजे प्रार्थना आणि जेवण, आमच्या गॅरेजमध्ये. मी खुर्च्या लावल्या नाहीत (तत्त्व). अवधूतने लावल्या, मटण वाढलं, मग मागे बसून ऐकत राहिला. शेवटी डोळे पुसत होता. मी ॲलर्जीची गोळी दिली.

६ एप्रिल
अवधूतने बाटल्या सिंकमध्ये ओतल्या. आज चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे गेला. सरला रडली. पाळकसाहेबांना फोन करून बजावलं, देव इतक्या घाईने निवडत नाही. माझं बघा: आजोबा नगरला मिशन शाळेत हेडमास्तर, मी चर्चच्या कॉयरमध्ये गातो, एक रविवार चुकवलेला नाही. ते म्हणाले, ही सगळी कर्मंच झाली ना? इथे रेंज गेली.

१३ एप्रिल
साक्ष अवधूत देणार. पाळकसाहेब म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. मुळीच नाही. सूट रिटर्न केला.

२० एप्रिल, ईस्टर
अवधूत म्हणाला, मी कुणामुळे वळलो ते सांगतो. मी जुन्या कोटाचं बटण लावलं. उभं राहावं लागलं तर तयारी असावी.
"महिनाभर दाजींच्या घरी राहिलो," तो म्हणाला. "त्यांना जवळून बघितलं. मनात आलं, देव ह्यांना घेऊ शकतो, तर मला का नाही?"
सगळी मंडळी आमेन म्हणाली. सरला सर्वांत मोठ्याने.
घरी येऊन डिशवॉशर रिकामा केला. तत्त्वात बदल नाही.