इलवची अर्धी चटई

ठाणे, कार्तिक वद्य पंचमी, शके १८०७

प्रिय मालन,

तुला आणि बाळाला आशीर्वाद. आपला भाऊ महिपत गेल्याचं तुला परक्याच्या तोंडून कळलं, माझ्याकडून नाही. त्यावर तू मला एक ओळही लिहिली नाहीस. बरोबरच केलंस.

मिठागरात बांध घालायला सुरुवात झाली आहे. शाळा सुटली की मी तिकडून येतो. पश्चिमेला शुक्र दिसतो. लहानपणी त्याच बांधावर बसून तुम्ही दोघं त्या शुक्रावरची माणसं बघायचात. त्यांची कातडी मिठासारखी चमकायची, प्रत्येकाला तीन सावल्या असायच्या, आणि त्यांच्या थोर तत्त्वज्ञापुढे, इलवपुढे, राजासुद्धा पायतण काढून उभा राहायचा. मी हसायचो. अरे, एवढा ज्ञानी, मग कुणाला उत्तर का देत नाही? महिपत चिडायचा. म्हणायचा, दादा, उत्तरं तुझ्यासारखे मास्तर देतात. प्रश्न घेऊन आलेल्याला इलव चटईच्या कडेला बसवतो आणि तोच प्रश्न असलेलं दुसरं माणूस येईपर्यंत अर्धी चटई रिकामी ठेवतो. दोघं शेजारी बसली की तो स्वतः उठून जातो.

तापात महिपत रोज विचारायचा, मालनला पत्र घातलंस का? मी हो म्हणायचो. घातलं नव्हतं. तू ओली बाळंतीण. कल्याणहून तशीच गाडीत बसून येशील, याची धास्ती वाटली. ताप उतरेल असंही वाटत होतं. शेवटच्या दुपारी तो चटईवर सरकत सरकत भिंतीला लागला. अंगाची आग होते, गारवा शोधतो आहे, असं मी समजलो. मोकळ्या जागेवर पाण्याचा तांब्या ठेवला. त्याने तो बाजूला सारला. मी पुन्हा ठेवला.

शेजारच्या रंगूबाई रोज बोलतात, अहो मास्तर, गेलेल्या माणसाचं अंथरूण कुणी घरात ठेवतं का? म्हणून काल चटई टाकायला बाहेर काढली. उन्हात तिच्यावर तांब्याचा गोल डाग दिसला, आणि मी तिथेच बसलो. ती जागा त्याने तुझ्यासाठी सोडली होती, मालन. तो तुझ्यावर रुसून गेला नाही. तू निघालीस असंच समजत गेला. चटई मी परत आत आणली. सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन ये. माझ्यावर रागावायचं असेल तरी ये. मी भिंतीकडच्या कडेला बसेन.

तुझाच,
गुणाजीदादा