नळीतली साय

सोमवार, ३ तारीख

आज सकाळी साडेपाचलाच जाग आली. आंघोळ केली, देवापुढे हात जोडले आणि कंपनीचा नवा निळा सदरा घातला. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नोकरी मिळते, हे काही थोडं नाही. लेकीने कॉलर सरळ केली आणि म्हणाली, बाबा, नवरदेव दिसताय अगदी. ही जागा तिनेच शोधली. अकरावं मशीन तिच्याच ऑफिसात आहे.

काम सरळ आहे. अकरा इमारतींत चहा-कॉफीची अकरा मशीनं. दुधाची टाकी भरायची, नळ्या धुवायच्या आणि नियम म्हणून प्रत्येक ठिकाणी एक घोट चाखायचा. साहेब भारी काटकसरी. शिंक आली तरी अर्धीच शिंकतील, असं गाडीचा ड्रायव्हर म्हणतो.

बुधवार, ५

दर मशीनपाशी बादली भरा, गरम पाणी मागा, ब्रश धुवा, यातच अर्धा दिवस जातो. मी सुचवलं, की अकरांना मिळून एकच बादली आणि एकच ब्रश ठेवू. टाकीत उरलेलं दूधही फेकायला नको, पुढच्या टाकीत घालू. साहेबांनी पाठ थोपटली. ड्रायव्हरला म्हणाले, बघ, खेड्यातल्या शाळेत शिकलाय, पण डोकं कसं चालतं. घरी येऊन लेकीला दोनदा सांगितलं.

मंगळवार, ११

चौथ्या मशीनची नळी काढली, तर आत साय धरलेली. जाड, पिवळट, ओल्या जिभेसारखी खरखरीत. घासली तरी तुटेना, नुसती ताणली जायची. वास आंबट नव्हता. तापाने फणफणलेल्या माणसाच्या तोंडाला येतो, तसा. ब्रश बादलीत खळबळला आणि पाचव्याकडे गेलो. तिथे घोट घेतला. गोड लागला.

शनिवार, १५

आता ती अकराही मशीनांत आहे. माझ्याच ब्रशाने गेली. लोक मात्र रांगा लावून पितात. साहेबांना नळी दाखवली, तर म्हणाले, चव आलीय ना, मग खरवडता कशाला? दुपारी सायीचा तुकडा चिमटीत धरला होता. त्यात नाडी लागली. बराच वेळ देवाचं नाव घेत राहिलो.

सोमवार, १७

लेकीच्या जिभेवर पांढरट थर आलाय. दिवसाला सहा-सहा कप पिते, ताट सरकवून देते. मी ओरडलो. म्हणाली, बाबा, तुमच्याच हातचं तर आहे.

मंगळवार, १८

साहेबांना न विचारता उकळत्या पाण्यात गटार मोकळं करायची पावडर कालवली आणि अकराही टाक्यांत ओतली. सातव्यातून तान्हं मूल चोखतं तसा आवाज आला. मग गुठळ्या पडल्या, केस असलेल्या. ओकलो. नोकरी गेली. जाऊ दे.

शनिवार, २२

लेकीची जीभ गुलाबी झाली. पोटभर जेवली. देवा, तुझे उपकार.

रविवार, २३

घरच्या दुधावर साय. पिवळट. पातेलं मीच विसळलं होतं. पाण्याच्या पिंपाच्या काठावरही— जिथे माझा हात लागतो तिथेच.

आरशात जीभ पाहिली. रोजचे अकरा घोट. थर घशात खाली उतरलाय. बोटाने ओढला. ताणला गेला. आत कुठेतरी काहीतरी हललं—

सोमवार, २४

लेक खोकतेय. जिभेवर पुन्हा पांढरा ठिपका, एकच. अजून वेळ आहे. माझ्यापासून तिला लांब—

मंगळवार, २५, दुपार

ठरवलं होतं ते केलं. लेक कामावर गेली आणि मी मागच्या खोलीत शिरलो. दारातलंच कुलूप आतून लावलं. किल्ली मोरीच्या भोकात टाकली. चिठ्ठी दाराबाहेर आहे. भांडी उकळून घे, मला हात लावू नकोस, दार उघडू नकोस.

ती लवकर आली. दार बडवतेय. म्हणते, बाबा, हे काय लहान मुलासारखं, कुलूपवाल्याला आणलंय मी.

सदरा दातांत गच्च धरलाय. उत्तर द्यायचं नाही. तिला जाऊ दे, देवा—

विचारतेय, तोडू का कुलूप?

मी तोंड उघडलेलं नाही. तरी घशातून, माझ्याच आवाजात, किती मायेने— तोड बाळा, ये—